एक्सेलमधले पॉइंट आणि काकांचा फणस

आजचा दिवस खानापूरकडच्या एका शेताचे सर्व्हेत मोजलेले पॉइंट एक्सेलमधून ऑटोकॅडमध्ये (नकाशे काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये) टाकण्यात गेला. सर्व्हेवाल्यानं पाठवलेल्या शीटला कॉलमची नावंच नाहीत! बरं, आपल्याकडं ते ओळखता येतं. यूटीएम (जागेचं ठिकाण मीटरमध्ये सांगायची पद्धत) झोन 43 मध्ये बेळगाव-खानापूर भागाचं ईस्टिंग, म्हणजे पूर्वेकडचा आकडा, सहा आकडी, 4 नं सुरू होणारं. नॉर्दिंग, म्हणजे उत्तरेकडचा आकडा, सात आकडी, 17 नं. शीटमध्ये नॉर्दिंग आधी होतं, ऑटोकॅडला मात्र एक्स म्हणजे ईस्टिंग आधी लागतं.

पॉइंटसोबत नाव पण हवं असलं की मी एक्सेलमध्येच अख्खी ओळ जोडून घेतो: मायनस टेक्स्ट (-TEXT, मजकूर लिहायची कमांड), मग ईस्टिंग-स्वल्पविराम-नॉर्दिंग, अक्षराची उंची, कोन 0, शेवटी लेबल. स्वल्पविरामानंतर स्पेस चुकूनही नको, ऑटोकॅड स्पेसला एंटर समजतं. ओळी नोटपॅडमध्ये टाकायच्या, फाईल एससीआर (.scr) म्हणून सेव्ह करायची, आणि ऑटोकॅडमध्ये स्क्रिप्ट कमांडनं चालवायची. त्याआधी एफ3 दाबून ओस्नॅप (जवळच्या बिंदूला आपोआप पकडणारी सोय) बंद करा बरं का, नाहीतर जवळजवळचे पॉइंट एकमेकांना चिकटतात. नुसते पॉइंट टाकून ‘काहीच दिसत नाही’ म्हणणाऱ्यांनी पीडीमोड (पॉइंट कसा दिसावा ते ठरवणारं सेटिंग) 3 करून बघावं.

शेतमालक काका शेजारीच बसलेले. लेबलं इंग्रजीत, म्हणून मी वाचून दाखवली: ही विहीर, हा बांध. काका स्क्रीनवर बोट टेकवून म्हणाले, “आणि हितला फणस कुठं गेला रे?”

फणस सर्व्हेत घेतलेलाच नाही. आता सर्व्हेच्या पोरांना परत पाठवायचं, आणि खानापूरचा पाऊस काय उघडायचं नाव घेत नाही.