तुम्ही विचारलंत म्हणून : कंबर अशी असताना अमेरिकेला कशा जाता?

सांगलीच्या विश्रामबागेत आमच्या गल्लीत आता बऱ्याच घरांत आईवडील दोघंच असतात. कुणाचं तिकीट निघालं की संध्याकाळी ती जोडी आमच्याकडे येते. व्हिसा कसा, बॅगेत किती किलो चालतं, हे सगळं मुलांनी सांगितलेलं असतं. मला विचारायचं असतं ते एकच : "बाई, तुमची कंबर अशी धरलेली. बिझनेस क्लासचं तिकीट तुम्हीही काढत नाही. मग त्या साध्या सीटवर एवढे तास बसता कशा?"

२०१६ पासून मी चार वेळा बोस्टनला लेकीकडे जाऊन आले. पहिली खेप पार फसली, पुढच्या तीन नीट झाल्या. प्रत्येकीला तेच तुटक तुटक सांगण्यापेक्षा एकदा सगळं लिहून काढते.

आधी माझं दुखणं. कंबरेतल्या चौथ्या-पाचव्या मणक्यामधली गादी मागे सरकली आहे आणि तिथून डाव्या पायात कळ जाते, तिला सायटिका म्हणतात. शाळेत दिवसभर फळ्यासमोर उभं राहून मला कधी काही झालं नाही. वह्या तपासायला पुढे वाकून बसले की दुखायचं. चाललं की बरं, बसलं की वाईट, अशी माझी कंबर. आमच्या ह्यांचं नेमकं उलट. त्यांच्या कण्यातली नळी अरुंद झाली आहे. दहा मिनिटं उभं राहिलं की पाय जड होतात, बसलं किंवा ट्रॉलीवर पुढे रेललं की मोकळं वाटतं. विमानातली सीट त्यांना छळत नाही, विमानतळावरची रांग छळते. म्हणून कुणी विचारलं की माझा पहिला उलटा प्रश्न असतो, तुमचं बसल्यावर वाढतं की चालल्यावर? चालल्यावर वाढत असेल तर खाली लिहिलेलं निम्मं तुमच्यासाठी नाही. तुम्ही व्हीलचेअर मागा आणि विमानात निवांत बसा. बसल्यावर वाढत असेल तर पुढे वाचा.

पहिल्या खेपेला मी काय केलं ते ऐका. नात झाली होती, मला कधी एकदा पोचते असं झालेलं. सांगलीहून गाडी केली. पेठ नाक्यापर्यंतच्या खड्ड्यांनी सुरुवात, मग कऱ्हाड, सातारा, खंबाटकी, पुणे असं करत मुंबईला पोचायला आठ तास लागले. विमानतळावर चार तास खुर्चीत. दुबईपर्यंत तीन तास, तिथे पुन्हा खुर्ची, आणि दुबईहून बोस्टन सलग चौदा तास. शेजारच्यांना उठवायचं कसं म्हणून मी त्या चौदा तासांत दोनदाच उठले. हिशोब केलात तर घर सोडल्यापासून तीस तास मी बसलेलीच होते. उतरल्यावर दुखत होतं, पण चालत होते. मग सामानाच्या पट्ट्यावर आमची तेवीस किलोची बॅग आली. ती पुढे जाऊ नये म्हणून मी वाकून, कंबरेतून वळून, एका झटक्यात ओढली.

तिथेच गेली कंबर. पुढचे नऊ दिवस मी लेकीच्या घरी पलंगावर होते. नात अठरा दिवसांची होती. बाळंतिणीनं आईचं करायचं अशी वेळ आली. ती बाळाला माझ्या कुशीत आणून ठेवायची, आणि पुन्हा तीच उचलून न्यायची. दहाव्या दिवशी मी तिला पहिल्यांदा मांडीवर घेतलं. ते नऊ दिवस मला अजून लागतात.

परत आल्यावर मिरजेच्या फिजिओथेरपिस्टनी मला समजावलं. बराच वेळ वाकून बसलं की मणक्यांना मागून धरून ठेवणारे पट्टे ताणून सैल होतात आणि गादीवरचा दाब मागच्या बाजूला जातो. उठल्यावर हे लगेच जागेवर येत नाही, काही वेळ कंबर कच्ची असते. नेमक्या त्या वेळात वाकणं, वळणं आणि उचलणं ही तिन्ही एकदम केली तर गादी सरकते. म्हणजे विमानात दुखलं, पण बिघडलं ते उतरल्यावर. आणि बसण्याचे तास मोजायचे ते विमानात चढल्यापासून नाहीत. सांगलीतल्या घराचा उंबरा ओलांडल्यापासून मोजायचे.

तेव्हापासून मी मुंबईला गाडीनं जात नाही. महालक्ष्मी एक्स्प्रेस रात्री सांगलीहून निघते आणि सकाळी मुंबईत पोचते. रात्रभर आडवं पडून जाता येतं, कंबरेला यापेक्षा काय हवं! खालचा बर्थ मिळावा म्हणून आरक्षण करताना लोअर बर्थचा कोटा निवडायचा, ४५ वर्षांवरच्या बायकांना तो मिळू शकतो. कल्याणला उतरून मी डोंबिवलीला बहिणीकडे जाते. लांबची बरीचशी विमानं मध्यरात्रीनंतर सुटतात, त्यामुळे अख्खा दिवस हातात असतो. जेवते, थोडी चालते, पुन्हा आडवी होते. गाडीतले आठ तास असे पुसून टाकले की विमानात चढताना कंबर ताजी असते. बहीण नसेल तर एक दिवसाची खोली घ्या. तो खर्च मला कधी जड वाटला नाही.

दुसरी गोष्ट मार्गाची. आखातातून गेलं तर प्रवासाची वाटणी तीन आणि चौदा तास अशी होते. फ्रँकफर्टवरून गेलं तर मुंबईपासून साधारण नऊ आणि पुढे आठ-साडेआठ. माझ्यासारख्या कंबरेला दुसरी वाटणी फार चांगली. मध्ये तीन तासांचा थांबा घ्यायचा आणि त्यातले दोन तास चालायचं. तासाभराचा थांबा मुळीच घेऊ नका, त्यात धावपळ होते. लेक म्हणते अमेरिकेपर्यंत थेट विमानानं ये, त्रास कमी. तिचं वय पस्तीस आहे.

सीट बाजूचीच, वाटेकडेची. त्यातही माझा डावा पाय दुखतो, म्हणून वाट माझ्या डाव्या हाताला येईल अशी सीट मी निवडते, म्हणजे अधूनमधून तो पाय लांब करता येतो. खाण्याची ढकलगाडी येताना तेवढा आत घ्यायचा. सगळ्यांत पुढची, भिंतीसमोरची सीट ऐसपैस दिसते, पण तिथे पाय समोरच्या सीटखाली सरकवता येत नाहीत आणि हात टेकायचे दांडे वर उचलता येत नाहीत. शेवटच्या रांगेत बहुतेक विमानांत पाठ नीट मागे होत नाही, आणि शेपटीकडे हादरेही जास्त. पंखांच्या आसपास विमान कमी हलतं. संकटकालीन दाराजवळच्या सीटवर पाय पसरायला भरपूर जागा असते हे खरं. पण तिथे बसणाऱ्यानं गरज पडली तर जड दार उघडायचं असतं. ते मला जमणार नाही, मग ती सीट मी मागत नाही.

आता बसायचं कसं. विमानातल्या सीटची पाठ खोलगट असते, तिच्यात कंबर मागे बुडते आणि डोकं पुढे ढकललं जातं. मी ह्यांचा एक सुती पंचा घट्ट गुंडाळून कंबरेच्या खळग्यात ठेवते, जिथे आपण साडीचा काठ खोचतो त्याच्या किंचित वर. खाली माकडहाडाशी ठेवला तर उलटा त्रास होतो. फुगवायच्या उशीपेक्षा मला पंचा बरा वाटतो. उशी घ्यायचीच असेल तर जमिनीवर अर्धीच फुगवा. विमान वर गेल्यावर आतला हवेचा दाब साडेसहा ते आठ हजार फुटांच्या डोंगरावर असतो तितका कमी होतो. आपलं कळसूबाई ५,४०० फुटांचं आहे, म्हणजे आपण कळसूबाईच्याही वर बसलेलो असतो. महाबळेश्वरला नेलेलं वेफर्सचं पाकीट टम्म फुगतं तशी ती उशी फुगते आणि दगड होते.

उंची पाच फूट असल्यामुळे माझे पाय नीट टेकत नाहीत. लोंबकळणारे पाय कंबर ओढतात. विमानात मिळणारं ब्लँकेट घडी करून पायाखाली घ्या, किंवा हातातली पिशवी घ्या. आणि काटकोनात ताठ बसायचा हट्ट सोडा. शाळेत आम्हीच मुलांना तसं बसवायचो, पण किंचित मागे रेललं आणि कंबरेला आधार असला की गादीवरचा भार कमी होतो. मागच्या माणसाला विचारून, जेवणाची वेळ सोडून, सीट थोडी मागे घ्यायला काही हरकत नाही.

उठणं सगळ्यांत महत्त्वाचं, आणि आपल्या बायकांना तेच जमत नाही. "कशाला कुणाला त्रास" म्हणत आपण कळा सोसत बसतो. मी आता बसल्या बसल्या शेजाऱ्याला आणि हवाई सुंदरीला सांगून टाकते की मला कंबरेचा त्रास आहे, मी दर पाऊण तासानं उठणार आहे. आजवर एकानंही तोंड वाकडं केलेलं नाही. मागे स्वयंपाकघराशी जाऊन उभी राहते, दोन्ही हात कंबरेवर ठेवून पाच-सहा वेळा हळूच मागे वाकते, टाचा उचलते, पाणी पिते, परत येते. पट्टे बांधायचा दिवा लागला असेल तर मात्र जागेवरच. तेव्हा घोटे फिरवायचे, कंबरेचा खळगा वाढवायचा आणि सोडायचा. चार तासांवरच्या प्रवासात पायातल्या शिरेत रक्ताची गुठळी होण्याचा धोकाही असतो, त्यालाही हेच चालणं उपयोगी पडतं. म्हणून झोपेची गोळी घेऊन दगडासारखं पडून राहू नका.

औषधांचं थोडक्यात. चिठ्ठी आणि गोळ्या हातातल्या पिशवीत ठेवा, चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव असू द्या. ट्रॅमाडॉलसारखी दुखण्यावरची औषधं आखाती देशांत कडक नियमांखाली येतात, तिथून जाणार असाल तर डॉक्टरांना आधी सांगा. कुठलीही नवी गोळी पहिल्यांदा विमानात घेऊ नका, घरी घेऊन बघा.

आणि लघवी-संडासवरचा ताबा सुटत असेल, बसायच्या जागेला बधिरपणा आला असेल किंवा पाऊल उचलायची ताकद गेली असेल तर तिकिटाचे पैसे बुडाले तरी चालतील, त्याच दिवशी डॉक्टर गाठा. हे मी गंभीरपणे सांगते आहे.

उतरल्यावर बॅगेला हात लावायचा नाही. मी तोवर दहा मिनिटं चालते. शेजारच्या धडधाकट मुलाला म्हणते, "बाळा, ती लाल बॅग काढून देशील का?" माझी बॅग आता पंधरा किलोच्या वर जात नाही. वर्षभराची चटणी आता एक किलोच नेते. भडंग मात्र नेते, ते हलकं असतं. ह्यांच्यासाठी तिकीट काढतानाच व्हीलचेअर सांगून ठेवतो, निदान ४८ तास आधी कळवावं लागतं. मी शेजारून चालते.

लेकीच्या घरी पोचलं की चहाच्याही आधी मी सतरंजीवर उताणी पडते आणि पोटऱ्या सोफ्यावर ठेवते, गुडघे काटकोनात. २०२४ ला गेले तेव्हा नात आठ वर्षांची झाली होती. ती शेजारी येऊन पडली, तिनंही पाय सोफ्यावर टाकले आणि छताकडे बघत मला तिच्या शाळेचं सगळं सांगितलं. वीस मिनिटांनी मी कुशीवर वळले, हाताचा आधार घेतला आणि उठले. मग तिला जवळ घेतलं.