माझाच पाय कामून गेला?

मराठवाड्यात शुगरमुळे, म्हणजे मधुमेहामुळे, इतक्या जणांचे पाय का कापावे लागतात, असं तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो. प्रश्न मला दोन बाजूंनी येतो. गावाकडचा पेशंट म्हणतो, "डॉक्टरसाब, शुगर आम्हा दोघा भावांला. त्यो पुण्याला ऱ्हातो, चालतोय-फिरतोय. माझाच पाय कामून गेला?" आणि पुण्या-मुंबईकडचे नातेवाईक जरा आवाज खाली आणून विचारतात, मराठवाड्यातल्या लोकांच्या रक्तातच काही आहे का? की अमक्या समाजात हे जास्त असतं?

मी बीड जिल्ह्यात तालुक्याच्या ठिकाणी प्रॅक्टिस करतो. शिकत असताना सरकारी दवाखान्याच्या सर्जरी वॉर्डात काळे पडलेले पाय पुष्कळ पाहिले. आता तेच पाय काळे पडायच्या आधी ओपीडीत बघायला मिळतात, निदान काही तरी.

रक्ताचं आधी उरकतो. त्याचा वाटा शून्य नाही. आपल्याकडे शुगर लवकर होते आणि बारीक माणसालाही होते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये दोघांचा फोटो शेजारी शेजारी छापला होता. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, २२.३. पण अंगातली चरबी युडकिनांच्या ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या २१.२ टक्के. शुगर का होते, याचं थोडं उत्तर त्या फोटोत आहे. पाय का जातो, याचं मात्र नाही.

त्यासाठी इंग्लंडचं बघा. तिथे वायव्य भागात हजारो मधुमेही लोकांचे पाय तपासून २००५ साली एक अभ्यास छापला गेला. पायाला जखम झालेली किंवा पूर्वी होऊन गेलेली माणसं गोऱ्यांमध्ये ५.५ टक्के निघाली आणि भारत, पाकिस्तान, बांगलादेशातून गेलेल्यांमध्ये १.८ टक्के. म्हणजे आपल्याच रक्ताच्या लोकांचे पाय तिथे गोऱ्यांपेक्षा शाबूत. त्याच लोकांना तिथे हृदयाचा आणि किडनीचा त्रास मात्र गोऱ्यांपेक्षा जास्त होतो. एकाच वंशाच्या माणसांचा पाय वाचतो आणि किडनी जाते, मग 'रक्तच तसं' हे उत्तर कुठवर पुरणार? त्या पायांमागे कमी सिगारेट हे एक कारण होतंच. शिवाय तिथे डॉक्टरकडे जायला पैसे पडत नाहीत आणि मधुमेह्याचे पाय वर्षातून एकदा तपासायची पद्धत आहे. आपल्याकडे पेशंट मोजे काढायला लागला की डॉक्टरच म्हणतो, राहू द्या, रिपोर्ट दाखवा.

दुसरी गोष्ट याहून चमत्कारिक. आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, देशभरच्या पाहणीत (२०२३ साली छापली) शहरी भागात मधुमेह १६.४ टक्के आणि ग्रामीण भागात ८.९ टक्के निघाला. खेड्यात शुगर जवळजवळ निम्मी. आणि मी पाहिलेल्या वॉर्डांत पाय काढलेल्या खाटांवर माणसं बहुतेक खेड्यातलीच. यात एक गोम आहे, ती सांगायला हवी. वॉर्डात दिसतो तो अख्खा मराठवाडा नसतो. ज्यांची जखम गावातच भरून आली ते तिथे येतच नाहीत आणि पैसेवाले खासगीत जातात. म्हणून वॉर्ड बघून कुणी 'तांड्यावरच्यांचं असंच असतं' किंवा 'मुसलमानांत जास्तच' असं बोलायला लागला की मी त्याला थांबवतो. तांड्यावरून निघून मोठ्या दवाखान्यापर्यंत पोचायला किती दिवस लागले, ते आधी विचारा.

दिवस कुठे जातात ते सांगतो. शुगर जुनी झाली की पायाच्या नसा मरतात. आधी मुंग्या येतात, आग होते, मग सगळं शांत. पेशंटला वाटतं, बरं झालं. एका आजोबांची एक चप्पल रस्त्यात मागे राहिली आणि ते तसेच घरापर्यंत चालत आले. सुनेनं विचारलं तेव्हा त्यांना कळलं. मी पेशंटला सांगतो, असं एकदा जरी झालं तरी त्या दिवशीच या, दुखायची वाट बघू नका, कारण दुखणारच नाही.

अशा बधिर पायांना आपल्याकडे काय काय सोसावं लागतं! मे महिन्यातलं तापलेलं अंगण. भेगा पडलेल्या टाचा. 'बधिरपणा जावा' म्हणून घरच्यांनी प्रेमानं दिलेला गरम विटेचा शेक, ज्यानं कातडी भाजून निघते. आणि अनवाणी चालायचे नवस. कोजागिरीला तुळजापूरला पायी जाणाऱ्यांत माझेही पेशंट असतात. त्यांना मी जाऊ नका म्हणत नाही, म्हणून उपयोगही नाही. मोजे घाला, मुक्कामाला तळपाय दुसऱ्याकडून बघून घ्या, एवढं सांगतो. एका मावशींनी मला सुनावलं, "देवीला चपला चालत न्हाईत, मोजे चालत्यात का ते गुरवाला विचारते." विचारून आल्या. चालतात म्हणे.

जखम झाली की आधी हळद. मग गावातल्या डॉक्टरचं इंजेक्शन. मग 'सोयाबीन निघू द्या', 'कापसाची वेचणी होऊ द्या'. बाईमाणूस असेल तर त्याच्याही पुढे, कारण तिच्यासोबत जायला कुणाची तरी मजुरी बुडते. तिथून तालुका, मग अंबाजोगाई नाहीतर लातूर, नाहीतर घाटी, म्हणजे संभाजीनगरचा मोठा सरकारी दवाखाना. पुण्यातल्या भावाचं बोट लाल झालं तर तो संध्याकाळी रिक्षानं दवाखान्यात जातो. आमच्याकडे तेवढ्यात विष घोट्याच्या वर चढलेलं असतं. त्यात बिडी किंवा तंबाखूची सवय असेल तर पायाकडे जाणारं रक्त आधीच आटलेलं.

सगळ्यात वाईट गाठ पडते ती ऊसतोडीला जाणाऱ्यांची. मुकादमाकडून उचल, म्हणजे मजुरीचे आगाऊ पैसे, घेतलेली, नवरा-बायकोचा एक कोयता, दिवाळीच्या आगेमागे गाडी भरायची ती थेट सांगली, कोल्हापूर, कर्नाटकाकडे. सहा महिने फडात. पाचटानं पाय चिरतात, खोपीत पाणी कमी, एक खाडा केला की पैसे कापले जातात. सोबत नेलेल्या गोळ्या महिन्याभरात संपतात. तिथला डॉक्टर ओळखीचा नसतो आणि जुना कागद गावी पत्र्याच्या पेटीत. उन्हाळ्यात परत येतात तेव्हा शुगर चारशे आणि अंगठा काळा.

सरकारी योजनेबद्दलही लोक विचारतात. महात्मा फुले जनआरोग्य योजना भरती होऊन घ्यायच्या ठरावीक उपचारांसाठी आहे. तिच्यामुळे पुष्कळांचा जीव वाचला, हे मी स्वतः बघतो. पण भरती न होता लागतं ते, म्हणजे शुगर तपासायच्या पट्ट्या, आठवड्याचं ड्रेसिंग, मऊ तळाची चप्पल, हे त्यात बसत नाही. पाय सडेपर्यंत खिशातून घाला, सडला की सरकार देईल, असा हा उलटा कारभार. मेटफॉर्मिनसारख्या शुगरच्या साध्या गोळ्या प्राथमिक आरोग्य केंद्रात फुकट मिळतात, हे मात्र खूप जणांना ठाऊकच नसतं.

आणि चप्पल म्हणाल तर ती काही अमेरिकेहून आणायची वस्तू नाही. एमसीआर नावाच्या मऊ रबराची चप्पल आपल्याकडे कुष्ठरोग्यांसाठी वापरात आली. वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड यांनी दाखवून दिलं होतं की कुष्ठरोग्यांचे पाय झिजतात ते बधिरपणामुळे, न कळता होणाऱ्या जखमांमुळे. १९६६ साली ते अमेरिकेत गेले आणि तेच शहाणपण तिथल्या मधुमेही पायांना लागू पडलं. ती चप्पल लिहून दिली की आमचे पेशंट मात्र तोंड पाडतात. "ही महारोग्याची दिसते," म्हणतात. मी गावातल्या चांभारमामांकडून तोच तळ नेहमीच्या चपलेत बसवून घेतो. दिसायला साधी, तळ मऊ, मागं पट्टा. आता लोक घालतात.

ऊसतोडीच्या लोकांसाठी मी दसऱ्याआधीच सहा महिन्यांचा कागद करून देतो. गोळीचं नाव कंपनीचं लिहीत नाही, औषधाचं लिहितो, म्हणजे कुठल्याही आरोग्य केंद्रात चालतं. मोबाइलमध्ये फोटो काढायला लावतो. मुकादमाला पाप-पुण्याचं काही सांगत बसत नाही. पाय गेला की कोयता बंद, आणि कोयता बंद म्हणजे तुझी उचल अडकली, एवढंच बोलतो. हा हिशेब त्याला समजतो. मग गोळ्यांची पिशवी गाडीत चढली की नाही, ते तोच बघतो.