म्युनिकमधली पेंग्विनवाली मंडळी

तीन जर्मन भेटले की चौथ्या मिनिटाला संस्था काढतात असा एक जोक इथले लोक स्वतःच सांगतात. कायद्याने मात्र नोंदणी करायची तर निदान 7 सभासद लागतात आणि पुढे आकडा 3 च्या खाली गेला की संस्थेची नोंदणी जाते. या नोंदणीकृत संस्थेला इथे फेराइन म्हणतात आणि ते कशाचंही असतं, ससे पाळणाऱ्यांचं, पत्ते खेळणाऱ्यांचं, डोंगर चढणाऱ्यांचं. तसंच लिनक्सवाल्यांचंही आहे, लिनक्स म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी फुकट ऑपरेटिंग सिस्टिम, जिचं चिन्ह पेंग्विन आहे, आणि सध्या मी त्यात आहे.

म्युनिकला आल्यावर पहिला हिवाळा माझा ऑफिस, घर आणि इंडियन स्टोअर या त्रिकोणात गेला. मराठी मंडळाचा गणपती झाला, दिवाळी झाली, पण मधल्या आठवड्यांचं काय करायचं हा प्रश्न होताच. ऑफिसातल्या एकाने सुचवलं की तू दिवसभर लिनक्सवरच काम करतेस ना, मग आमच्या भागातल्या ग्रुपला जाऊन बघ. मला वाटलं कॉलेजातली पोरं असतील, काळे टीशर्ट, लॅपटॉपवर स्टिकर वगैरे. स्टिकर होते, पण पोरं नव्हती. निम्म्याहून जास्त लोक रिटायर्ड, एक आजोबा तर वॉकर घेऊन येतात आणि वॉकरच्या टोपलीत जुना थिंकपॅड लॅपटॉप.

महिन्याचा एक मंगळवार ठरलेला आहे, संध्याकाळी सात म्हणजे सात. जागा म्हणजे वस्तीतल्या सांस्कृतिक केंद्राची एक खोली, कोपऱ्यात कुलूपबंद कपाट, कपाटात एक्स्टेंशन बोर्ड, पेन ड्राइव्ह, नेटवर्कच्या केबल्स आणि कॉफीचे मग, प्रत्येकावर लेबल. किल्ली कोणाकडे, कॉफीचे पैसे डब्यात कोण मोजणार, इतिवृत्त कोण लिहिणार हे सगळं ठरलेलं. आपल्याकडे कॉलेजात आम्ही लिनक्सचा ग्रुप काढला होता, पहिल्या इव्हेंटला हॉल भरला, बॅनर लावले, फोटो काढले आणि सीनियर पास आउट झाले तसा ग्रुपही पास आउट झाला. इथे उत्साह म्हणाल तर बेताचाच असतो, पण बर्फ पडो नाहीतर फुटबॉलची मॅच असो, गावातल्या भजनी मंडळासारखं चार टाळकी का होईना बसतातच. मला आधी हे सगळं फार कंटाळवाणं वाटलं होतं, आता वाटतं की हा कंटाळवाणेपणा आहे म्हणूनच ग्रुप टिकलाय.

सध्या खरी गर्दी असते ती इन्स्टॉलच्या दिवशी. विंडोज 10 चा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला, युरोपातल्या लोकांना सिक्युरिटी अपडेट अजून एक वर्ष फुकट मिळतायत खरे, पण विंडोज 11 ला टीपीएम 2.0 नावाची सिक्युरिटी चिप लागते आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर साधारण आठव्या जनरेशनपासून पुढचा, त्यामुळे ठणठणीत चालणारे लॅपटॉप घेऊन लोक येतात आणि विचारतात की हे आता फेकायचे का. वस्तू टाकून देणं इथल्या जुन्या पिढीच्या जिवावर येतं, माझ्या आजीसारखंच.

परवा एक आज्जी आल्या होत्या, सहाव्या जनरेशनचा लॅपटॉप, कापडी पिशवीत चार्जरसकट. आधी फॉर्म. बॅकअप घेतलाय, डेटाची जबाबदारी माझी, खाली सही. आधी मला हसू यायचं पण आता कळतंय की हा फॉर्म किती भांडणं वाचवतो. मग पेन ड्राइव्ह लावून एफ12 दाबून लिनक्स मिंट, म्हणजे लिनक्सचा एक सोपा प्रकार, नुसतं चालवून बघायचं, इन्स्टॉल नाही, वायफाय लागतंय का, आवाज येतोय का, कॅमेरा दिसतोय का. ग्रुपचा एक कडक नियम आहे की माउस मालकाच्याच हातात राहणार, आपण फक्त तोंडाने सांगायचं. आज्जी बटण शोधतायत, मला दिसतंय, हात शिवशिवतायत आणि शेजारचे वॉकरवाले आजोबा माझ्याकडे डोळे वटारून बघतायत! पण सगळं चालतंय म्हटल्यावर इन्स्टॉल करायचं ठरलं आणि आज्जींनी डिस्क पुसण्याच्या शेवटच्या बटणावर स्वतः क्लिक केलं. टॅक्सचा फॉर्म ब्राउझरमधे उघडतोय हे बघितलं, थंडरबर्ड या मेलच्या प्रोग्रॅममधे ईमेल आले, तरी चेहरा गंभीरच. शेवटी हळूच विचारलं, माझे पत्ते कुठे गेले? म्हणजे सॉलिटेअर. आयलरायट नावाचा गेम टाकून दिला, त्यात पत्त्यांचे ढीगभर प्रकार आहेत, तेव्हा कुठे बाई हसल्या.

जर्मनचं म्हणाल तर क्लासमधे जे डोक्यात शिरलं नाही ते इथे शिरलं. प्रिंटर चालत नसला की जर्मन माणूस सावकाश आणि तेच तेच बोलतो.

वॉकरवाल्या आजोबांची एक दुखरी जागा आहे, लिमक्स, म्हणजे म्युनिक पालिकेचा लिनक्स प्रकल्प. ते म्युनिकच्या महापालिकेत होते. 2003 मधे पालिकेने ठरवलं की आपले कॉम्प्युटर विंडोजवरून लिनक्सवर न्यायचे. मायक्रोसॉफ्टचे तेव्हाचे सीईओ स्टीव्ह बाल्मर स्कीइंगची सुट्टी अर्धी टाकून महापौर क्रिस्टियान उडे यांना भेटायला आले, सवलत देऊ केली, तरी पालिका बधली नाही. 2013 पर्यंत 15,000 च्या आसपास कॉम्प्युटर बदलून झाले होते. आणि मग 2017 मधे नव्या राजकारणात निर्णय फिरला, परत विंडोज. आजोबा म्हणतात की दोष लिनक्सचा कमी आणि कारभाराचा जास्त, प्रत्येक खात्याची आयटी वेगळी, बाहेरून येणाऱ्या फाइल्स वर्डच्या, प्रिंटर बिघडला तरी शिव्या पेंग्विनला. 2020 मधे सत्तेत आलेल्या आघाडीने पुन्हा ओपन सोर्सला, म्हणजे लिनक्ससारख्या खुल्या कोडच्या सॉफ्टवेअरला, प्राधान्य द्यायचं म्हटलं आणि तिकडे उत्तरेत श्लेस्विग-होल्श्टाइन राज्याने 2024 मधे सुमारे 30,000 सरकारी कॉम्प्युटरवर मायक्रोसॉफ्ट ऑफिसऐवजी फुकटचं लिब्रेऑफिस आणायचा निर्णय घेतला. ही बातमी आजोबांनी प्रिंट काढून आणली होती, कागदावर! मला त्यांचं म्हणणं पूर्ण पटत नाही, दहा वर्षं वापरून लोक वैतागत असतील तर त्यांचंही काहीतरी खरं असणार, पण हे आजोबांसमोर बोलायची हिंमत अजून झालेली नाही.

भांडणं भरपूर. स्क्रीनवर चित्र दाखवायला वेलँड की एक्स11, कॉम्प्युटर सुरू होताना बाकी सगळं सुरू करणारं सिस्टिमडी चांगलं की वाईट, आणि एक फ्रीबीएसडी या दुसऱ्याच फुकट सिस्टिमवाले गृहस्थ आहेत ते दर वेळी आठवण करून देतात की मी लिनक्सवाला नाही, तरी सगळ्यात आधी येऊन खुर्च्या तेच लावतात. मीटिंगनंतर शेजारच्या बियर हॉलमधे ठरलेलं टेबल, मी आपली सफरचंदाचा शोर्ले, म्हणजे सोडा घातलेला ज्यूस, आणि चीजवाले श्पेट्झले, म्हणजे इकडच्या जाड शेवया, व्हेज म्हटल्यावर म्युनिकमधे फार चॉइस करायचा नसतो.

एकदा मला म्हणाले तू पण काहीतरी दाखव, मग मी मराठी टायपिंग दाखवलं. भारतीय भाषांचा इनस्क्रिप्ट कीबोर्ड, मग 'दर्या' आणि 'दऱ्या' शेजारी शेजारी टाइप केलं, एकात रफार आणि एकात तो अर्धा आडवा ऱ, एक समुद्र आणि एक सह्याद्रीतल्या. स्क्रीनवर अक्षरं जोडायचं काम हार्फबझ नावाची लायब्ररी करते, ती फायरफॉक्समधेही आहे आणि लिब्रेऑफिसमधेही, हे त्यांना माहीत होतं, पण ती नक्की काय करते ते कोणी डोळ्यांनी बघितलं नव्हतं. उमलाउटसाठी, म्हणजे जर्मन अक्षरांवरच्या दोन टिंबांसाठी, रडणारी ही माणसं जोडाक्षरं बघून एकदम गप्प झाली. लोहित देवनागरी फॉन्ट रेड हॅटने दिलेला आणि रेड हॅटच्या पुण्यातल्या ऑफिसात भारतीय भाषांचं बरंच काम झालं, हे सांगताना माझी कॉलर जरा ताठ झाली, माझा त्यात काडीचाही वाटा नसताना.

त्याच संध्याकाळी मला सभासदत्वाचा फॉर्म मिळाला, आणि आता नव्या माणसाने काहीतरी जबाबदारी घ्यावी म्हणून हिशोब तपासनीस केलंय. हे पद इथे अगदी सिरियसली घेतात, खजिनदाराने दिलेली पावत्यांची फाइल एकेक कागद बघून वार्षिक सभेत सांगायचं असतं की हिशोब बरोबर आहे, मग हात वर करून मतदान होतं आणि कार्यकारिणी त्या वर्षाच्या जबाबदारीतून मोकळी होते. सभा पुढच्या महिन्यात आहे. सगळं जुळलंय, फक्त कॉफीच्या डब्यात 1 युरो 20 सेंट जास्त आहेत, खजिनदार म्हणतात शोधून काढूया, आणि ते अजिबात गंमत करत नाहीयेत.