तुझं गाव कुठलं? कॉलेजच्या मुलांना घेऊन अलिबाग-रेवदंड्याचे दोन दिवस

आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या गावांतून आलेले मराठी यहुदी. नोव्हेंबरात आमच्या ठाण्याच्या सिनेगॉगच्या, म्हणजे प्रार्थनास्थळाच्या, व्हॉट्सॲप ग्रुपवर मी पहिली नोटीस टाकली. "आपला वारसा, आपला इतिहास. कॉलेजच्या मुलामुलींसाठी कोकण सहल." आठ दिवसांत तीन नावं आली, त्यातली दोन आयांनी परस्पर दिलेली. मुलांना आपल्या लोकांबद्दल काही वाटत नाही, असं त्या आठवड्यात दोन-तीन ज्येष्ठांनी मला ऐकवलं. मला ते पटत नव्हतं, पण हातात नावं तीनच होती.

पुढच्या शुक्रवारी प्रार्थनेनंतर जिन्यात एक मुलगा भेटला, दुसऱ्या वर्षाला आहे. सहज विचारलं, "तुझं गाव कुठलं रे?" म्हणाला, "ठाणे." मी म्हटलं, "ते राहायचं झालं. आडनावातलं गाव कुठलं?" तो गप्प झाला. शब्बाथ, म्हणजे शनिवारचा विसाव्याचा दिवस, संपल्यावर त्याला फोन करून गावाचं नाव सांगितलं, नकाशात बघ म्हटलं. दहा मिनिटांत त्याचा उलटा फोन आला. "आंटी, हे गाव खरंच आहे! तिथे शाळा दिसतेय, तळं दिसतंय." दुसऱ्या दिवशी त्याचं नाव आलं, चुलतबहिणीचंही आलं.

मग जुनी नोटीस काढून टाकली आणि नुसती गावं लिहिली: नवगाव, झिराड, पेझारी, चेऊल, किहीम, रोहे, अष्टमी, पेण, वाकरूळ, तळे, राजपुरी. खाली एक ओळ, "यातलं तुझं कुठलं?" आठवड्यात सोळा जण झाले. तुम्ही कुठल्याही शहरात अशी सहल काढणार असाल तर माझं पहिलं सांगणं हेच. 'वारसा' हा शब्द पत्रकात घालू नका. विसाव्या वर्षी वारशाची ओढ कुणालाच नसते. स्वतःच्या नावाचं कोडं मात्र सुटल्याशिवाय चैन पडत नाही. आणि आपल्यात ते कोडं प्रत्येकाच्या आधार कार्डावर छापलेलं आहे.

दुसरी गोष्ट, निरोप मोठ्यांमार्फत पाठवू नका. आईनं नाव दिलेल्या दोन मुलांपैकी एक आलाच नाही, दुसरा दोन्ही दिवस कानात इअरफोन घालून बसला. उलट ज्याला मित्रानं ओढून आणलं, तो पहिल्या थांब्यापासून रमला. आम्ही शेवटी नावनोंदणीचं काम दोन मुलींकडेच दिलं. वर्गणीही त्यांनीच गोळा केली. वर्गणी ठेवाच, थोडी का होईना. फुकट म्हटलं की आदल्या रात्री "जमत नाही" असे मेसेज येतात. जगभरच्या यहुदी तरुणांना दहा दिवस इस्राएलला फुकट नेणारी 'तगलीत' ही योजना १९९९ पासून चालू आहे, पण तिच्यामागे मोठं बळ आहे. आपल्याकडे मिनीबसचं भाडं भरायचं असतं.

तिसरं म्हणजे घरचा अभ्यास. प्रत्येकानं आजी-आजोबांना तीनच प्रश्न विचारून यायचं: गाव कुठलं, तिथे आपण काय करायचो, गाव कुणी आणि का सोडलं. आजी नसेल तर शेजारची आजी चालेल. त्या गावात किंवा जवळून जाताना बसमध्ये त्यानं पाच मिनिटं बोलायचं. या एका अटीमुळे सहलीच्या आधी पंधरा दिवस घराघरांत बोलणं सुरू झालं. एका मुलीला पणजोबांचा तेलाचा घाणा होता हे तेव्हाच कळलं. 'शनिवार तेली' हा शब्द तिनं भाषणात ऐकला होता, पण तो आपल्याच घराला लावलेला शब्द आहे हे तिला माहीत नव्हतं. शनिवारी बैल सोडून ठेवायचे, घाणा बंद. शेजाऱ्यांनी त्यावरूनच नाव दिलं.

आम्ही एकूण एकवीस मुलं. सतरा ठाणे-मुंबईची आणि चार इस्राएलची. ही चौघं तिकडची सक्तीची लष्करी सेवा संपवून भारत फिरायला आली होती. आजी-आजोबा इथून गेलेले, घरं दिमोना, लोद, अश्दोदला. मराठी त्यांना 'ये ग', 'पुरे' आणि 'काय रे' इतकीच. त्यांना शोधायला फार लागलं नाही. इथल्या कुणाच्या ना कुणाच्या घरी ती उतरलेली असतातच, फक्त विचारायला हवं. पाहुणी म्हणून नेऊ नका, सहलीची भागीदार म्हणून न्या. का ते पुढे सांगते.

तारखेत मात्र मी चुकले. शनिवारी प्रवास नको म्हणून रविवार-सोमवार धरला, आणि २६ जानेवारी सोमवारी आली म्हणून आनंद झाला. त्या दोन दिवसांत निम्मी मुंबई अलिबागला जाते. पहाटे पावणेसहाला निघूनही वडखळच्या आधी दीड तास एका जागी उभे होतो. राहण्याचे दरही दीडपट. तुम्ही जोडून सुट्टी धरू नका. दिवाळीनंतरचा साधा रविवार-सोमवार धरा, मुलं एक दिवस कॉलेज बुडवतील, पण अंतर्गत परीक्षांचं वेळापत्रक आधी बघा. पावसाळ्यात मांडव्याची लाँच बंद असते, तेव्हा तो काळ सोडाच. लहान गट असेल तर गेटवेहून मांडवा आणि पुढे लाँचच्या तिकिटातली बस हाच मार्ग बरा. वडखळ टळतं, आणि मुलं समुद्रावरून आपल्या किनाऱ्याला लागतात.

पनवेलचं बेथ एल (१८४९) आणि पेणचं बेथ हाएलोहीम (१८६३) आम्ही वाटेत थोडक्यात पाहिली. सिनेगॉग म्हणजे नुसतं दार उघडून आत जाणं नव्हे. २००८ च्या मुंबईवरच्या हल्ल्यानंतर बंदोबस्त असतो. आठवडाभर आधी विश्वस्तांना नावांची यादी पाठवा, ओळखपत्रं जवळ ठेवा, परदेशी मुलांच्या पासपोर्टच्या प्रती काढून ठेवा. फोटो विचारूनच. आणि चावी कुणाकडे आहे, तो माणूस त्या दिवशी गावात आहे का, हे आदल्या रात्री पुन्हा विचारा. आत डोकं झाकायला टोप्या दहा-पंधरा जास्तीच्या ठेवा.

अलिबागच्या अलीकडे खंडाळे. नकाशात शोधताना नीट बघा, नाहीतर फोन लोणावळ्याजवळच्या खंडाळ्याची वाट दाखवतो. इथे एलियाहू हन्नबीचा, म्हणजे बायबलातल्या एलियाहू या प्रेषिताचा, टापा आहे. खडकावर घोड्याच्या टापेसारख्या आणि चाकाच्या घासेसारख्या खुणा. एलियाहू नबी इथूनच स्वर्गात गेला असं आपले लोक पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले. नवस बोलायचा तो इथे, फेडायचा तोही इथे. तू बिश्वातला, म्हणजे झाडांच्या सणाला, साधारण जानेवारी-फेब्रुवारीत, उरूस भरतो.

नवसाचा गोड नैवेद्य, मलिदा, आम्ही मुलांकडूनच करवून घेतला. पातळ पोहे धुऊन निथळले, ओलं खोबरं आणि साखर चोळली, वेलची, बदाम, बेदाणे. वर केळी, सफरचंद, खजूर आणि गुलाब. विळी घरून नेली होती, पण नारळ खवायला दोघांनाच येत होतं. ज्याला येत होतं त्यानं बाकीच्यांना शिकवलं. खवता खवता अश्दोदची मुलगी एकदम थांबली. म्हणाली, "हा वास माझ्या आजीच्या घरचा आहे." मग 'एलियाहू हन्नबी' हे गाणं सुरू झालं. शब्द दोन्हीकडच्यांना पाठ होते, आणि चालही एकच निघाली. तिकडे साठ-सत्तर वर्षांत चाल बदलली नव्हती. साहित्य सगळं घरून न्या, ताजा नारळ तेवढा अलिबागला घ्या.

जेवणाचं सांगते, कारण तिथे आम्हाला त्रास झाला. एका खानावळीत चार दिवस आधी फोन करून सांगितलं होतं: आमच्या खाण्याच्या नियमांप्रमाणे खवल्याचा मासाच हवा, सुरमई किंवा पापलेट, कोळंबी-तिसऱ्या-खेकडा काही नको. मासा बरोबर आला, पण आमटीत कोळंबी निघाली. मुलं उठली, आणि भाकरी, वालाचं बिरडं, लोणचं यावर जेवलो. सरळ शाकाहारी जेवण सांगा, किंवा एखाद्या घरगुती स्वयंपाक करणाऱ्या ताईंना यादी लिहून द्या. बिरडं खाताना तिशा बआवला, म्हणजे जेरुसलेमचं मंदिर पडल्याच्या उपवासाला, आपले लोक 'बिरड्याचा सण' का म्हणायचे हा विषय आपोआप निघाला, ते एक बरं झालं.

अलिबागच्या इस्राएल आळीतलं मागेन आबोथ १८४८ चं. पण ज्यासाठी आलो होतो ते नवगाव. थळच्या खत कारखान्याच्या बाजूला, समुद्राजवळ. आपल्या पूर्वजांचं गलबत फुटलं, सात जोडपी वाचली, लाटांनी आणलेली प्रेतं इथे पुरली, हे आपण लहानपणापासून ऐकतो. तिथे स्मारकाचा खांब आहे, आजूबाजूला जुनी थडगी. मी मुलांना स्पष्ट सांगितलं की याचा लेखी पुरावा नाही, कुठल्या साली हे घडलं यावर एकमत नाही, आणि ही आपण जपलेली आठवण आहे. हे लपवू नका. एकदा प्रामाणिकपणे सांगितलं की मुलंही मोकळेपणानं विचारतात. "हिब्रू विसरलो होतो तर मग यहुदी कसे राहिलो?" असं एकानं विचारलं. उत्तर त्यांच्यातच होतं: शब्बाथ, सुंता, खाण्याचे नियम आणि 'शमा इस्राएल' ही प्रार्थना. दावीद रहाबी हा यहुदी धर्मशिक्षक बाहेरून आला तेव्हा त्यानं यावरूनच ओळखलं असं सांगतात.

परतताना दुसऱ्या एका गावच्या जुन्या कब्रस्तानात थांबलो. झाडी वाढलेली, दगड शेवाळलेले. पाण्याच्या बाटल्या आणि मऊ ब्रश आणले होते. (तारेचा ब्रश, ॲसिड, चुना काही वापरू नका, अक्षरं जातात.) एक दगड मुलांनी हळूहळू धुतला. वर हिब्रू, खाली मराठी. ठाण्याची मुलगी इंग्रजी माध्यमातली, तिला मराठी अक्षरं लावत वाचावी लागत होती. लोदचा मुलगा वरचं वाचू लागला: "रिवका बत..." तिनं बोट खाली नेलं: "रिब... रिबकाबाई." दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. एकच बाई. वर साल हिब्रू अक्षरांत होतं, तिथे प्रत्येक अक्षराला आकडा असतो: ताव, रेश, सामेख, गिमेल. तो म्हणाला ६६३. मी सांगितलं, त्यात १२४० मिळव. तोवर तिनं शेवाळ बाजूला केलं होतं. खाली सरळ कोरलेलं होतं, '१९०३'.

अर्धा दगड त्याला वाचता येत होता, अर्धा तिला. एकट्याला पूर्ण दगड वाचता आला नसता. म्हणून म्हटलं, तिकडच्या मुलांना भागीदार करा. (१२४० चा हिशेब लक्षात ठेवा. वर्षअखेरीला, रोश हशाना या यहुदी नववर्षानंतरच्या महिन्यांत, साल एकानं कमी येतं.) त्या दीड तासात त्यांनी चौदा दगड वाचून वहीत उतरवले. मी मध्ये बोलले नाही. माझं तयार केलेलं भाषण पिशवीतच राहिलं, आणि ते तसंच राहिलं हे बरं झालं. सहलीत जितकं कमी बोलाल तितकं मुलं जास्त पाहतात.

रात्री मुक्कामाच्या ओसरीवर एक अवघड गोष्ट निघाली. दिमोनाच्या मुलानं सांगितलं की त्याचे आजोबा जेरुसलेमला धरण्यावर बसले होते. लग्नाच्या वेळी बेने इस्राएलांच्या यहुदीपणाची चौकशी व्हायची, त्याविरुद्ध. १९६४ मध्ये क्नेसेटनं, म्हणजे इस्राएलच्या संसदेनं, ठराव करून आपल्या लोकांना पूर्ण यहुदी मानलं. इथल्या मुलांपैकी निम्म्यांनी हे ऐकलंच नव्हतं. बारा वाजून गेले तरी कुणी उठेना. त्याच रात्री दिमोनाच्या आजींना व्हिडिओ कॉल लागला. त्या मराठीतच बोलल्या, आणि नातवाला पहिल्यांदाच कुणीतरी भाषांतर करून सांगावं लागलं. त्यांनी इतकंच विचारलं, "रेवदंड्याला जाणार ना? तिथे मशिदीच्या दारात उभा राहून फोटो पाठव." मशीद म्हणजे सिनेगॉग, जुनी माणसं तसंच म्हणतात. रेवदंड्याचं बेथ एल १८४२ चं. सकाळी पहिला फोटो तोच काढला.

परत आल्यावर खरी कसोटी असते. दोन दिवसांचा उत्साह ग्रुपवर फोटो टाकून संपतो. आम्ही बसमध्येच तीन कामं वाटून दिली. चौदा दगडांची यादी नीट करणारे चौघं. आजी-आजोबांचे आवाज फोनवर मुद्रित करणारे सहा जण, एकेका आजीचा अर्धा तास, फार नाही. आणि पुढच्या सहलीची नावनोंदणी करणारे तिघं. ज्याला काम मिळालं नाही, तो पुढच्या बैठकीला आला नाही. हे मी नीट मोजून सांगते आहे. तेव्हा काम प्रत्येकाला द्या, लहान द्या, आणि तारीख घालून द्या.

दगड वाचणाऱ्या मुलीनं परवा निरोप पाठवला. ती रोज रात्री बाबांकडून मराठी वाचायला शिकते आहे, आणि पेणच्या कब्रस्तानात जाण्यासाठी परवानगीचा अर्ज तिनं स्वतः लिहिला आहे. तपासून द्यायला सांगितलंय. दोन ठिकाणी वेलांटी चुकली आहे, तेवढी दुरुस्त करून उद्या परत पाठवते.