पिकअप की वळण?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. गाड्यांच्या सस्पेन्शनचं काम करत मला पंचवीस वर्षं होत आली. पुण्यातल्या इंजिनिअरिंग कॉलेजांची मुलं आपल्या फॉर्म्युला स्टुडंटच्या, म्हणजे विद्यार्थ्यांनीच बनवलेल्या छोट्या रेसिंग गाड्यांच्या स्पर्धेच्या, गाडीची ड्रॉइंग्ज घेऊन माझ्याकडे येतात. स्प्रिंग, डँपर, कॅम्बर असं सगळं बोलून झालं, चहा झाला, की जाताजाता दारात एक प्रश्न हमखास येतो. "मॅडम, चालवायला खरी मजा कशात? मियाटासारख्या हलक्या गाडीत की मस्टँगसारख्या मसल कारमध्ये?"

मियाटा म्हणजे माझदाची छोटी, दोन जणांची, उघड्या टपाची गाडी. मसल कार म्हणजे बेताच्या गाडीत मोठं, ताकदवान इंजिन घातलेली अमेरिकन गाडी; फोर्डची मस्टँग त्यातलीच. माझं उत्तर आहे, हलकी गाडी. दारात उभ्याउभ्या मी एवढंच सांगते आणि मुलं हिरमुसतात, कारण बहुतेकांच्या मोबाइलवर मस्टँगचा फोटो असतो. म्हणून आज नीट सांगते.

सुरुवात पसरणीच्या घाटातून करावी लागेल. मी लायसन्स काढलं १९९६ साली, आणि पुढच्याच महिन्यात बाबांनी वाईच्या पुढे गाडी थांबवून मला चालकाच्या जागेवर बसवलं. गाडी अर्थातच मारुती ८००. ७९६ सीसी, तीन सिलिंडर, जेमतेम साडेसहाशे किलो वजन, बारा इंची चाकं, पॉवर स्टेअरिंगचं नावही नाही. तिसऱ्या-चौथ्या वळणावर मी स्टेअरिंग गच्च धरून बसले होते. बाबा म्हणाले, "हात सैल सोड. ती काय सांगतेय ते कळू दे आधी." मी पकड सैल केली आणि खरोखर कळायला लागलं. डांबराचा खरखरीतपणा, कडेची वाळू, वळणात शिरताना स्टेअरिंगला येणारा जडपणा आणि टायर घसरायच्या बेतात आला की तो जडपणा किंचित उतरणं. हे सगळं तळहाताला, तेही ताशी तीस-पस्तीसच्या वेगात. पुढे कामावर या जाणिवेची इंग्रजी नावं शिकले, आलेख काढायला शिकले. पण ओळख झाली ती तिथे.

आता आपल्याकडचा पक्का समज. "गाडीत वजन पाहिजे, तरच रोडला पकड राहते." हे वाक्य मी गॅरेजमध्ये ऐकलंय, लग्नाच्या पंगतीत ऐकलंय. समज कुठून आला ते समजतं. एक्स्प्रेसवेवर शेजारून कंटेनर गेला की हलकी गाडी हलते, जड गाडी हलत नाही. सरळ रस्त्यावर जड गाडी शांत वाटते हे खरं आहे. पण वळणात गणित उलटं होतं. टायरवर वजन दुप्पट टाकलं तर त्याची पकड दुप्पट होत नाही, दुपटीपेक्षा कमी वाढते. वळणात गाडीला बाहेर ढकलणारा जोर मात्र वजनाच्या पटीतच वाढतो. म्हणजे तेच टायर लावले तर जड गाडी आधी घसरणार. ते टाळायला टायर रुंद करावे लागतात. मग स्टेअरिंग जड होतं, मग पॉवर असिस्ट वाढवावा लागतो. मग अंग झुकू नये म्हणून स्प्रिंग आणि अँटीरोल बार कडक करावे लागतात, आणि कडक झाल्यावर खड्डे बसतात पाठीत. ब्रेकही मोठे लागतात, ते स्वतःच जड असतात. एका वजनापायी दुसरं वजन येतं, आणि दर टप्प्यावर रस्ता आणि तळहात यांच्यात एक थर वाढतो.

ब्रेकचं एक उदाहरण मुलांना नेहमी देते. पाचगणीहून वाईला उतरताना आपण सुमारे ५७५ मीटर खाली येतो. एक टनाची गाडी तेवढी उतरते तेव्हा जी ऊर्जा जिरवावी लागते तिच्यात १८ लिटर पाणी २५ अंशांवरून उकळीला येईल. १,७०० किलोच्या गाडीला तेच ३० लिटर. यातला काही वाटा इंजिन आणि हवा घेते, पण बाकीची उष्णता डिस्क आणि पॅडलाच सोसायची असते. घाटाच्या पायथ्याशी जड गाड्यांच्या चाकांजवळ येणारा तो करपट वास आठवा.

आणि दिशा बदलायला लागणारा वेळ. मंडईत पहाटे गेलात तर भरलेली हातगाडी ओढणारा माणूस बघा. वळायचं असेल तर तो दोन पावलं आधीपासून जोर लावतो आणि वळून झाल्यावर ती थांबवायला पुन्हा उलटा जोर लावतो. रिकामी गाडी तो एका हाताने फिरवतो. नागमोडी रस्त्यावर डावं-उजवं-डावं असं चालू असतं, तेव्हा नेमका हाच फरक कमरेला कळतो.

कंपनीने इंग्लंडला पाठवलं होतं तेव्हा एका सहकाऱ्याने त्याची जुनी माझदा एमएक्स-५ मला दिवसभरासाठी दिली. तीच मियाटा. पहिल्या पिढीची, १.६ लिटरची, पॉवर स्टेअरिंग नसलेली. ही गाडी १९८९ साली शिकागोच्या प्रदर्शनात पहिल्यांदा लोकांसमोर आली. ११५ च्या आसपास अश्वशक्ती आणि साडेनऊशे किलोंच्या आसपास वजन. आकडे ऐकून कोणाचे डोळे विस्फारणार नाहीत. पण माझदाच्या लोकांनी डोकं कुठे लावलं ते बघा. इंजिन पुढच्या चाकांच्या रेषेच्या मागे सरकवलं, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांवर भार जवळजवळ सारखा. गिअरबॉक्सपासून मागच्या डिफरन्शियलपर्यंत (मागच्या दोन चाकांत जोर वाटणारा भाग) अॅल्युमिनियमची एक जाळीदार चौकट टाकली, जेणेकरून अॅक्सिलरेटर दाबला की मधलं काही पिळवटणार नाही, हिसका न बसता जोर थेट चाकाला जाईल. त्यांच्याकडे यासाठी शब्द आहे, 'जिन्बा इत्ताई'. म्हणजे स्वार आणि घोडा एकजीव. धावत्या घोड्यावरून बाण मारणाऱ्या तिरंदाजांचा तो शब्द आहे.

डर्बिशरमधल्या स्नेक पासवर मी ती गाडी नेली. टप उघडा, हवेत गारठा, दोन्ही बाजूंना मोकळं माळरान आणि मेंढ्या. दुसरा, तिसरा, पुन्हा दुसरा असं चालू, आणि काटा वेगमर्यादेच्या आतच. गिअरचा दांडा मनगटाच्या एका झटक्यात बसायचा. एका उजव्या वळणात मी थोडी लवकर पाय उचलला तर गाडीचं नाक हलकेच आत वळलं; पुन्हा किंचित दाबला, ती सरळ झाली. वळण मी फक्त हातांनी घेत नव्हते, उजव्या पायानेही घेत होते. पुढच्या चाकांवरच जोर असलेल्या ८०० ला हे इतक्या सफाईने जमायचं नाही. एका तळ्याकाठी थांबले तेव्हा मला बाबांची फार आठवण झाली. त्यांनी ही गाडी चालवायला हवी होती.

लोटसने १९९६ मध्ये आणलेली एलिस तर याच्याही पलीकडची. अॅल्युमिनियमचे भाग डिंकाने चिकटवून बनवलेली चेसिस, म्हणजे गाडीचा सांगाडा, अवघी ६८ किलोंची, पूर्ण गाडी सव्वासातशे किलोंच्या आसपास. ती मी चालवलेली नाही, म्हणून तिच्याबद्दल इथेच थांबते.

मसल कारला मी कमी लेखते असं मात्र समजू नका. तिच्याशी माझी गाठ पडली मिशिगनमध्ये, डेट्रॉइटजवळ. तिथे वुडवर्ड अॅव्हेन्यू नावाचा रस्ता आहे, सरळ आणि रुंद, सिग्नलमागून सिग्नल. साठच्या दशकात पोरं रात्री याच रस्त्यावर सिग्नल ते सिग्नल शर्यती लावायची. तो रस्ता पाहिल्यावर मला ती गाडी कळली. जनरल मोटर्सच्या पाँटिअॅक या ब्रँडची जीटीओ ही नावाजलेली मसल कार, तिचा जन्मही तिथलाच. जनरल मोटर्सचा नियम होता की मध्यम आकाराच्या गाडीत ३३० घनइंचांपेक्षा मोठं इंजिन घालायचं नाही. पाँटिअॅकचे मुख्य इंजिनिअर जॉन डिलोरियन आणि त्यांच्या साथीदारांनी १९६४ च्या मॉडेलला जीटीओ हे, गिऱ्हाइकाने हवं तर घ्यायचं, वेगळं पॅकेज म्हणून जोडलं आणि त्यातून ३८९ घनइंची, म्हणजे ६.४ लिटरचं इंजिन आत घुसवलं. त्याच वर्षी एप्रिलमध्ये मस्टँग आली. मोठं इंजिन, बेताची गाडी, परवडेल अशी किंमत. घाट नसलेल्या मुलखातल्या तरुणांसाठी ही अगदी रास्त गोष्ट होती.

तिथल्या सहकाऱ्याची मस्टँग जीटी मी चालवली. पाच लिटरची व्ही-८, साडेपाचशे न्यूटन-मीटरच्या आसपास टॉर्क (इंजिनचा फिरवण्याचा जोर), मॅन्युअल गिअर. चावी फिरवली आणि आवाज आधी छातीत आला, मग कानात. लक्ष्मी रोडवर पथकाच्या जवळून जाताना ढोल वाजतो ना, तसा. त्या घुमण्याला कारण आहे. पिस्टनच्या वर-खाली हालचालीने फिरणाऱ्या दांड्याच्या, म्हणजे क्रँकशाफ्टच्या, विशिष्ट रचनेमुळे चार-चार सिलिंडरच्या दोन्ही रांगांत धुराचे ठोके सारख्या अंतराने पडत नाहीत, म्हणून तो अडखळता, खर्जातला सूर. सिग्नल हिरवा झाला, पाय दाबला, आणि पाठ सीटला चिकटली. नाक किंचित वर, मागचं अंग खाली बसलेलं. पिकअप म्हणजे काय ते त्या दिवशी समजलं. अंगावर काटा आला, खोटं कशाला सांगू. पण तीन-चार सेकंदांत वेगमर्यादा आली आणि पाय काढावा लागला. दुसऱ्याच गिअरमध्ये ती ताशी १०० च्या पुढे जाऊ शकते. बाकीचे गिअर वापरायचे कुठे? मिनिटभराचा आनंद, मग पुढच्या सिग्नलची वाट. तो आनंद इंजिनचा होता, आणि मी त्याची पाहुणी होते. स्नेक पासवर माझ्यावाचून काही घडत नव्हतं.

आणि आता मुद्दा पुण्याचा. मस्टँग २०१६ साली अधिकृतपणे भारतात आली, मियाटा कधीच आली नाही. मस्टँग घेऊन तुम्ही नळ स्टॉपला उभे राहिलात तर चौक बघत राहील. पुढे प्रत्येक स्पीडब्रेकरला तुम्ही श्वास रोखाल. एक्स्प्रेसवेवर सपाटीला मर्यादा ताशी १०० आहे, घाटात त्याहून कमी. तिच्यातली ताकद वापरायला इथे जागाच नाही, आणि न वापरलेल्या ताकदीचं वजन मात्र प्रत्येक वळणावर सोबत असतं. शोधायचा असेल तर आपला रस्ता म्हणजे ताम्हिणी, पसरणी, सिंहगडाची चढण, कात्रजचा जुना घाट. चाळीसच्या वेगात दर शंभर मीटरला वळण. इतकी चांगली शाळा जगात फार थोड्या शहरांच्या उशाला आहे.

म्हणून मुलांना मी सांगते, पैसे साठेपर्यंत थांबू नका. मॅन्युअल गिअरची हलकी हॅचबॅक घ्या. आत्ताची स्विफ्ट ९२० किलोंच्या आसपास आहे, म्हणजे त्या जुन्या मियाटाइतकीच. ती मियाटा नाही; स्टेअरिंग विजेवर चालतं, जोर पुढच्या चाकांवर आहे. तरी टायरमध्ये हवा बरोबर ठेवा, डिकीतलं सामान काढा, व्हील अलाइनमेंट करून घ्या, जास्त रुंद टायर घालू नका. आणि मोठं अलॉय बसवायच्या भानगडीत पडू नका. चाकाचं वजन स्प्रिंगच्या खाली असतं, खड्ड्यात ते सगळ्यात जास्त नडतं.

येत्या रविवारी पहाटे साडेपाचला मी स्विफ्ट घेऊन वाईला निघतेय. उजाडता उजाडता पसरणी चढायची, तेव्हा एसटी आणि पर्यटक दोन्ही कमी असतात. गाडीत दोन जागा रिकाम्या आहेत. यायचं असेल तर जाड तळव्याचे बूट घालू नका, पेडल कळत नाही.