ओट्यावरचे डीपी स्विच : कुठे बसवले आणि का

मालवणच्या चिऱ्याच्या घरात स्वयंपाकघराचं वायरिंग नव्याने केलं. टाइल आणि ट्रॉल्यांच्या आधी एक गोष्ट पक्की केली : ओट्याखाली किंवा कपाटात बसणाऱ्या प्रत्येक उपकरणाला ओट्याच्या वर, हाताला येईल असा वेगळा डीपी (डबल पोल), म्हणजे फेज आणि न्यूट्रल दोन्ही तारा तोडणारा स्विच. सॉकेट मात्र शेजारच्या कपाटात. यंत्राच्या थेट मागे नको, कारण प्लगमुळे यंत्र भिंतीला टेकत नाही आणि नंतर प्लगपर्यंत हात पोचत नाही.

डीपीच का? साधा स्विच फक्त फेज तोडतो, न्यूट्रल जोडलेलाच राहतो. जूनमध्ये ओव्हनच्या किंवा डिशवॉशरच्या हीटरने ओल धरली की न्यूट्रलची गळती अर्थला सुरू होते. मग स्विच बंद असूनही, घरात दुसरं काही चालू झालं की ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी, म्हणजे करंट अर्थला गळला की वीज तोडणारा मुख्य स्विच, पडतो. डीपी दोन्ही तारा तोडतो, त्यामुळे दोष पटकन सापडतो. सगळे डीपी बंद करायचे, आरसीसीबी वर करायचा आणि एकेक डीपी चालू करत जायचं. हे करताना दिवे-पंखे चालूच ठेवा. लोड नसेल तर न्यूट्रलचा दोष लपून राहतो. सगळे डीपी बंद असतानाही पडला, तर ओल वायरिंगमध्ये किंवा दुसऱ्या खोलीत शोधायची.

आता जागा. ओटा जमिनीपासून ३४ इंच, बोर्डाची खालची कड त्याच्यावर ८ इंच. शेगडीच्या कडेपासून बाजूला निदान १२ इंच, सिंकपासून २४ इंच. शेगडीच्या बरोबर मागे एकही बटण नाही, कारण तेल पेटलं तर ज्वाळेवरून हात नेऊन बंद कोण करणार? चिमणीचं सॉकेट वर, डक्टच्या कव्हरमध्ये. तिचा स्विच इतरांच्या रांगेत खाली. सिलिंडरच्या कपाटात तर स्विचही नाही आणि सॉकेटही नाही. एलपीजी हवेपेक्षा जड, गळला की तळाशी साचतो आणि बटणाची ठिणगी त्याला पुरते.

फ्रीजचा स्विच मुद्दाम रांगेबाहेर, साडेचार फुटांवर घेतला. रात्री सगळी बटणं बंद करत जाणारं माणूस प्रत्येक घरात असतंच. फ्रीजला १६ अँपियरचा वेगळा आरसीबीओही (गळती आणि जादा लोड, दोन्हींवर वीज तोडणारा स्विच) दिला आणि तो मुख्य आरसीसीबीच्या आधीच जोडला. नाहीतर ओव्हन बिघडायचा आणि फ्रीजरमधली सुरमई जायची.

लोडचा हिशेब सोपा. इंडक्शन २००० वॅट, किटली १५००, मायक्रोवेव्ह अंदाजे १३००. एकत्र ४८००, म्हणजे २३० व्होल्टला जवळपास २१ अँपियर. एकाच १६ अँपियरच्या एमसीबीवर (जादा लोड आला की पडणारा स्विच) हे टिकत नाही. म्हणून ओट्यावर दोन सर्किट, दोन्हींना अडीच चौरस मिलिमीटरची वायर. ओव्हनला स्वतंत्र चारची वायर आणि २० चा एमसीबी. मिक्सर, प्युरिफायर यांना डीपी लागत नाही. प्लग समोर असतो, तो काढला की झालं.

सगळ्यात जास्त चुका होतात त्या बॉक्समध्ये. वायरिंगचा पाइप स्लॅबमधून सरळ खाली बोर्डात उतरवला तर पावसात गळतीचं पाणी त्यातूनच स्विचवर येतं. मी पाइप बाजूने किंवा खालून घेतले आणि बॉक्सची वरची भोकं बंद केली. समुद्राकडच्या, पश्चिमेच्या भिंतीवर पाऊस थेट आपटतो आणि जांभा पाणी शोषतो, म्हणून तिथे एकही बोर्ड नाही. पत्र्याचे बॉक्स खारट हवेत सडतात; पीव्हीसीचे घेतले आणि स्क्रू स्टेनलेस स्टीलचे. टाइल आणि तिच्यामागचा मसाला धरून बॉक्स पुढे काढून ठेवा. तो खोल गेला की सोबत आलेला स्क्रू पोचत नाही, मग कोणीतरी वेडावाकडा लांब स्क्रू मारतो आणि तो वायरीतच घुसतो.

टर्मिनलवर वायरीचं टोक दुमडून घातलं. सैल राहिलं तर पितळ आधी हिरवं पडतं, मग तापून काळं. मे महिन्यात मेन बंद करून, टेस्टरने खात्री करून, परवानाधारक वायरमनकडून सगळे स्क्रू एकदा आवळून घेतले जातात. त्याच दिवशी आरसीसीबीचं टेस्ट बटणही दाबायचं. स्विचवर नावं मात्र कोरून घ्या, चिकटवलेली पट्टी फोडणीच्या वाफेत वर्षभरही टिकत नाही.