उभ्या गाडीचे नऊ टक्के

७ एप्रिल

अथणीला ताईकडे वास्तुशांत होती. शुक्रवारी सकाळी माझी इलेक्ट्रिक गाडी अंगणात लावली तेव्हा बॅटरी ७८ टक्के होती. आज सकाळी निघताना ६९. मधल्या तीन दिवसांत कुणी दार उघडलं नाही, एसी लावला नाही, चावी माझ्याच खिशात होती. हीच गाडी डिसेंबरात खानापूरला फणसाच्या सावलीत चार दिवस उभी होती, तेव्हा जेमतेम एक टक्का गेला होता.

माझी बॅटरी ४० युनिटची, म्हणजे एक टक्का म्हणजे ४०० वॉट-अवर. नऊ टक्क्यांचे झाले ३.६ युनिट. त्याला ७२ तासांनी भागलं की येतात ५० वॉट. तीन दिवस, तीन रात्री गाडीच्या पोटात ५० वॉटचा दिवा जळत होता, असा त्याचा अर्थ.

दाजी म्हणाले, "उन्हानं उडून गेली असेल." आपल्या इलेक्ट्रिक गाडीवाल्यांतलेही बरेच जण असंच समजतात. लिथियमचा सेल नुसता पडून राहिला तर महिन्याला दोन-तीन टक्के आपोआप उतरतो, उन्हात थोडा जास्त. तीन दिवसांत नऊ टक्के त्याच्या हातून होत नाहीत. कुणीतरी खात होतं. ते कोण, हे शोधायचं ठरवलं आहे.

१० एप्रिल

आधी सोपे संशयित. भाच्याच्या फोनवर गाडीचं अ‍ॅप मीच घालून दिलं होतं. "मामा, आत ४९ डिग्री झालंय," असं तो येऊन सांगायचा तेव्हा कौतुकच वाटलं होतं. पण तो दर वेळी बघतो तेव्हा गाडीचा मोडेम आणि त्याच्याबरोबर निम्मे कॉम्प्युटर जागे होतात आणि पुन्हा स्लीपमध्ये जायला काही मिनिटं घेतात. अ‍ॅप बंद. गाडीची माहिती फोनवर दाखवणारा ओबीडीचा ब्लूटूथ डोंगल काढला, कारण तो लावलेला असला की काही गाड्या नीट झोपतच नाहीत. डॅशकॅमचा फ्यूज काढला.

मग अनगोळला घरासमोर, उन्हातच, दोन दिवस गाडीला हात लावला नाही. पाच टक्के गेले. संशयित घरी पाठवले तरी चोरी चालूच.

१२ एप्रिल, रात्र

हे सविस्तर लिहितो, कारण खरं काय ते इथेच दिसलं.

बॉनेट उघडं ठेवलं तर गाडी झोपत नाही. म्हणून बॉनेटचं कुलूप स्क्रूड्रायव्हरने दाबून 'बंद' केलं. गाडीला वाटतं बॉनेट लागलंय. गाडी चालवणाऱ्या मोठ्या बॅटरीखेरीज दिवे आणि कॉम्प्युटरसाठी १२ व्होल्टची एक छोटी बॅटरी असते. तिच्या काळ्या वायरीभोवती करंट मोजणारा क्लॅम्प मीटर अडकवला. मीटर डीसी करंटचा आणि मिलिअँपिअरपर्यंत दाखवणारा हवा. इलेक्ट्रिशियनकडचा साधा क्लॅम्प बहुधा फक्त एसी करंटचा असतो, तो इथे कामाचा नाही. आणि मोठ्या बॅटरीच्या केशरी वायरींच्या जवळपासही हात न्यायचा नाही. हे सगळं काम १२ व्होल्टच्या बाजूचं आहे.

काल रात्री दहा वाजता गाडी लॉक केली, चावी आत नेऊन ठेवली. मीटरवर ८ अँपिअर, मग ३, मग १.२, आणि पंचवीस मिनिटांनी ०.०३. म्हणजे झोपली. इतक्या करंटने दिवसाला दहा वॉट-अवरसुद्धा जात नाहीत. मी खुर्ची टाकून बसलो. बेळगाव जवळपास अडीच हजार फुटांवर, त्यामुळे एप्रिलातही रात्री अंगणात बसवतं. आई दोनदा दारात येऊन गेली. "झोप की रे आता, गाडी कुठं पळून जाणार हाय काय?"

एक वाजून दहा मिनिटांनी मागच्या सीटखालून खट् असा आवाज आला. ज्यांनी तो ऐकलाय त्यांना कळेल: मोठ्या बॅटरीचा काँटॅक्टर, म्हणजे तिला गाडीशी जोडणारा स्विच, जोडला गेला. मीटरवरचा आकडा उलटा झाला, उणे १८ अँपिअर. मोठी बॅटरी छोटीला चार्ज करत होती. पुढे कूलंट पंपाची बारीक घरघर सुरू झाली. सत्तावीस मिनिटांनी पुन्हा खट्, शांतता. पहाटे पाचच्या सुमाराला तोच खेळ पुन्हा.

छोट्या बॅटरीचं व्होल्टेज उतरलं की गाडी जागी होऊन तिला भरते, ही रचनाच आहे. पण चांगल्या बॅटरीला ही गरज काही दिवसांतून एकदा पडावी. इथे रात्री चार तासांनी पडत होती. आज दिवसा उन्हात पाहिलं, तर सुमारे दोन-दोन तासांनी. एका उठण्याला छोटीचं चार्जिंग आणि जागे झालेले कॉम्प्युटर धरून सव्वाशे-दीडशे वॉट-अवर. दिवसाला अशी आठ-नऊ उठणी. गुणाकार १.२ युनिटच्या आसपास येतो, म्हणजे रोज तीन टक्के. अथणीचे नऊ टक्के बरोब्बर सापडले. रात्रभर जागल्याचं काही वाटलं नाही.

१४ एप्रिल

छोटी बॅटरी साडेतीन वर्षांची, लेड-अ‍ॅसिडची. खडेबाजारच्या बाजूच्या बॅटरीवाल्याने लोड टेस्टर लावला आणि मान हलवली. "बिसल भाळ ऐत्री," एवढंच कानडीत बोलले. म्हणजे ऊन फार आहे हो. तीन शब्दांत सगळं आलं. लेड-अ‍ॅसिडचं आयुष्य दर दहा डिग्रीला साधारण निम्मं होतं असा ठोकताळा आहे, आणि तिचं आपोआप उतरणंही उष्णतेनं तसंच वाढतं. बंद बॉनेटखाली दुपारी काय होत असेल ते बघायला मी थर्मामीटर ठेवला होता; काल दीडला ५८ दाखवत होता.

पेट्रोलच्या गाडीत बॅटरी मरायला टेकली की सकाळी स्टार्टर कण्हतो, घरभर कळतं. आपल्या गाडीत कण्हायला स्टार्टरच नाही. छोटी बॅटरी आजारी पडली तर मोठी तिला गुपचूप भरवत राहते, गाडी रोज चालू होते, आणि आपण मोठीला दोष देत बसतो. उन्हात उभ्या गाडीचे टक्के जात असतील तर आधी छोटीचं वय बघा, हे मला सगळ्यांना कळकळीनं सांगायचं आहे.

नवी बसवली. पाच हजारांच्या आत काम झालं.

२१ एप्रिल

पुन्हा तीन दिवस उन्हात. तीन टक्के गेले! जीव खट्टू झाला. रात्री क्लॅम्प लावून बसलो, तर गाडी सकाळपर्यंत एकदाही उठली नाही.

मग डोक्यात आलं: माझी मोठी बॅटरी एलएफपी, म्हणजे लिथियम-आयर्न-फॉस्फेटची. तिचं व्होल्टेज मधल्या पट्ट्यात जवळजवळ सपाट असतं. गाडी चालताना आत-बाहेर गेलेला करंट मोजून टक्के सांगते, आणि बराच वेळ उभी राहिली की सेलचं व्होल्टेज बघून आकडा दुरुस्त करते. मी महिनाभर १०० टक्के चार्जच केली नव्हती, त्यामुळे अंदाज सरकत गेला असणार. हे तीन टक्के गेलेले नसून मुळात नसलेले असू शकतात.

हे तपासायचं तर टक्क्यांवर विश्वास ठेवून चालणार नाही. म्हणून शंभरावरून शंभरावर मोजायचं: पूर्ण भरायची, उभी करायची, आणि पुन्हा पूर्ण भरताना भिंतीतून किती युनिट गेले ते १६ अँपिअरच्या सॉकेटवर लावलेल्या मीटरवर वाचायचं. एनएमसी (निकेल-मँगनीज-कोबाल्ट) या दुसऱ्या प्रकारच्या बॅटरीवाल्यांनी हा प्रयोग उन्हाळ्यात करू नये. भरलेली आणि तापलेली, ही स्थिती एनएमसीला सोसत नाही.

२६ एप्रिल

तीन दिवस, तेच अंगण, तेच ऊन. डॅशबोर्डवर ९९. पुन्हा १०० होईपर्यंत भिंतीतून ०.४ युनिट गेले, त्यातला काही भाग चार्जरच्याच तापण्यात. अथणीला गेलेले ३.६ आठवा.

डॅशकॅमचा फ्यूज अजून काढलेलाच आहे. तो चार वॉट खात असेल तर छोटीतून दिवसाला आठ अँपिअर-अवर जाणार, म्हणजे गाडीला पुन्हा रोज उठावं लागणार. तो लावून एकदा, आणि भाच्याला अ‍ॅप परत देऊन एकदा, अशा दोन फेऱ्या वळीव यायच्या आत उरकायच्या आहेत. एकदा पाऊस पडून हवा निवली की तुलनेला अर्थ नाही. ताईला फोन केलाय, पहिली फेरी तिच्याच अंगणात.